चित्रकलेच्या तासाला गणित?

विज्ञान म्हणजे अभ्यास, चित्रकला म्हणजे छंद, खेळ म्हणजे वेळ घालवणं आणि तंत्रज्ञान म्हणजे कॉम्प्युटर... आपण मुलांच्या शिक्षणाचे असे चार कप्पे करून ठेवले आहेत. पुण्यात आणि पुण्याजवळच्या एका खेड्यात काही मंडळींनी हे कप्पे मोडून दाखवले. त्यासाठी फार पैसाही लागला नाही.

"आज चित्रकलेचा तास होता ना गं? काय काढलंस?"

"कुठला तास! बाईंनी गणित घेतलं. पोर्शन राहिलाय म्हणाल्या."

"आणि पीटी?"

"पीटीच्या सरांना ऑफिसात काम होतं. आम्हाला वर्गातच बसवलं."

हा संवाद कुठल्या घरात झाला नसेल? आणि खरं सांगायचं तर हे ऐकून आपल्यापैकी कितीजणींना वाईट वाटतं? उलट 'बरं झालं, तेवढाच अभ्यास झाला' असंच आपण मनात म्हणतो. वेळापत्रकात चित्रकला, शारीरिक शिक्षण, कार्यानुभव हे तास छापलेले असतात. वर्ष सरता सरता एकेक तास गणित-इंग्रजीच्या पोटात जातो आणि दहावीच्या वर्षी तर त्यांचं नावसुद्धा कुणी काढत नाही. पुस्तकावरून वाचलेलं आणि वहीत उतरवलेलं तेवढंच शिक्षण, हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं आहे.

'पुण्यात काय बाई, सगळंच असतं,' असं आपण गावाकडे म्हणतो. ते अगदीच खोटं नाही. पण पुण्यातसुद्धा दहावीच्या मुलांचे खेळाचे तास जातातच, क्लासच्या बॅचेस सकाळी सहाला सुरू होतातच. तेव्हा पुण्याकडून घ्यायचं ते मोठमोठ्या शाळांचं कौतुक नको. घेण्यासारखं आहे ते काही माणसांनी इथे जे करून पाहिलं, ते. आणि ते आपल्या गावात, आपल्या ओट्यावर बसूनही करता येण्यासारखं आहे.

काडेपेटीतलं विज्ञान

अरविंद गुप्ता हे नाव तुमच्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल. कानपूरच्या आयआयटीतून इंजिनीअर झालेले हे गृहस्थ पुण्याला टेल्को कंपनीत नोकरीला लागले. १९७८ मध्ये त्यांनी नोकरीतून रजा घेतली आणि मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तिथे १९७२ पासून खेड्यातल्या शाळांत मुलांना प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम चालू होता. शाळेत ना प्रयोगशाळा, ना काचसामान. मग गावातल्या बाजारात जे मिळतं त्यातूनच काही करता येईल का, असा शोध सुरू झाला. त्या शोधात त्यांच्या हाती लागली सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी. पूर्वी प्रत्येक सायकलच्या दुकानात ही नळी मिळायची. अजूनही अनेक ठिकाणी मिळते.

या नळीचे छोटे तुकडे करायचे आणि दोन्ही बाजूंनी त्यात आगपेटीच्या काड्या खोचायच्या. (गुल आधी खरवडून टाकायचा, हे मुलांना बजावून सांगा.) झाला सांधा. तीन काड्या आणि तीन तुकडे घेतले की त्रिकोण. चार घेतले की चौकोन. आता मुलांना दोन्ही आकार दाबून बघायला सांगायचं. चौकोन लगेच लुळा पडतो, तिरका होतो, पार चपटा होतो. त्रिकोण मात्र हलत नाही. कितीही दाबा, तो आपला आकार सोडत नाही. मग चौकोनात एक तिरकी काडी बसवा. तोही ताठ!

एवढं एकदा हाताला कळलं, की मुलं घराबाहेर पडून काय काय बघायला लागतात! पत्र्याच्या छपराखालची कैची, विजेचा टॉवर, रेल्वेचा लोखंडी पूल, फाटकाला मारलेली तिरकी पट्टी. सगळीकडे त्रिकोणच त्रिकोण. आजोबांच्या डुगडुगणाऱ्या खुर्चीला तिरकी पट्टी ठोकली तर ती हलायची थांबेल, हेही एखादी पोरगी आपणहून सांगते. आता मला सांगा, ही भूमिती झाली, विज्ञान झालं, की सुतारकाम?

दुसरं खेळणं त्याहून सोपं. शीतपेय प्यायची नळी घ्या. तिचं एक टोक दातांनी दाबून चपटं करा आणि कात्रीने दोन्ही बाजूंनी तिरकं कापून टोकदार करा. ते टोक ओठांत धरून फुंकलं की पिपाणी वाजते. सनईच्या पत्तीसारखीच ती दोन टोकं थरथरतात. वाजवता वाजवता दुसऱ्या बाजूने नळी कात्रीने थोडी थोडी कापत जा. नळी जसजशी आखूड होते, तसतसा आवाज चढत जातो. ध्वनीच्या धड्यात 'कंपनसंख्या' हा शब्द पाठ करून जे कळत नाही, ते इथे दोन मिनिटांत कानाला कळतं. घरात कुणी बासरी वाजवत असेल तर मूल लगेच विचारतं, मग बासरीची भोकं कशाला असतात? हा प्रश्न विचारला गेला, की निम्मं काम झालं.

पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही खगोलशास्त्राची मोठी संस्था आहे. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक-संचालक. तारे आणि दीर्घिकांवर संशोधन करणाऱ्या या संस्थेने शाळकरी मुलांसाठी 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' उभारली. तिला पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानचा हातभार लागला आणि इमारतीचं नाव ठेवलं 'पुलस्त्य'. सप्तर्षींपैकी एक तारा आणि पुलंची आठवण, दोन्ही एका नावात! अरविंद गुप्ता २००३ ते २०१४ या काळात इथे होते. फुटके पेन, जुन्या चपला, बाटल्यांची झाकणं, वर्तमानपत्रं यांतून शेकडो खेळणी इथे तयार झाली. ती कशी करायची याच्या फिती आणि पुस्तकं त्यांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवली. त्यांत मराठीही भरपूर आहे. २०१८ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली.

नारळीकर सरांची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मुलं सही मागायला आली की ते म्हणत, सही अशी मिळणार नाही. मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही करीन. मुलांनी तशी पत्रं पाठवली आणि सरांनी उत्तरं दिली. २० मे २०२५ रोजी सर गेले. पण ही युक्ती काही त्यांच्याबरोबर जायला नको. 'प्रश्न विचार, मग मिळेल,' असं आपणही मुलांना म्हणू शकतो की!

पाबळच्या शाळेत मुली वेल्डिंग करतात

आपल्या पिढीच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला काय व्हायचं, आठवतंय? मुलींना शिवण-टिपण, विणकाम. मुलांना सुतारकाम किंवा बागकाम. हे असं का, असं कुणी विचारलंही नाही. मुलीने काय करायचं आणि मुलाने काय करायचं हे घरात ठरलेलं होतं, तेच शाळेत.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. पाऊस कमी पडणारा भाग. इथे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग आले. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट, मग म्हैसूरची संशोधन संस्था आणि मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठी जागा. ती नोकरी मुदतीआधी सोडून ते पत्नी मीराताईंसह या गावात राहायला आले आणि 'विज्ञान आश्रम' सुरू केला. जे. पी. नाईक आणि चित्राताई नाईक यांच्या पुण्यातल्या 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन'ची त्यामागे साथ होती.

कलबागांचं म्हणणं साधं होतं. लहान मूल चालायला, बोलायला कुठल्या पुस्तकातून शिकतं? करून करूनच शिकतं. मग शाळेत गेल्यावरच हात बांधून का बसायचं? गाव हीच प्रयोगशाळा. गावाला जे लागतं ते मुलांनी करावं, त्याचे पैसे घ्यावेत आणि ते करता करता शास्त्र शिकावं.

यातून आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एक विषय तयार झाला, 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख'. पुढे राज्याच्या एसएससी बोर्डानेही तो मान्य केला. आठवड्यातला एक दिवस या कामाचा. त्याचे भाग चार. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. आणि मैत्रिणींनो, खरी गंमत पुढे आहे. हे चारही भाग वर्गातल्या प्रत्येकाने करायचे. म्हणजे मुलींनी वेल्डिंग करायचं, नळजोडणी करायची, बोर्ड भरायचा. आणि मुलांनी चिक्की करायची, स्वयंपाक करायचा, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायला शिकायचं.

एका शेंगदाण्याच्या चिक्कीत काय काय येतं बघा. गुळाचा पाक किती वेळ शिजवायचा, हे तापमानाचं शास्त्र. पाक कमी झाला तर चिक्की चिकटते, जास्त झाला तर कडू लागते. किती शेंगदाण्याला किती गूळ, हे गुणोत्तर. किती पैसे खर्च झाले, इंधन आणि मेहनत धरून एक वडी कितीला पडली आणि ती कितीला विकायची, हा हिशेब. 'कॉस्टिंग' हा तिथे प्रत्येक कामाचा भागच असतो. आणि हिमोग्लोबिन तपासल्यावर आपल्याच वर्गातल्या मुलींच्या अंगात रक्त कमी आहे हे कळलं, तर लोह कशात असतं हा धडा वेगळा पाठ करावा लागतो का?

वेल्डिंगचं म्हणाल, तर खिडकीची जाळी करायची झाली तर आधी कागदावर मापाने आकृती काढावी लागते. मग लोखंड किती लागेल ते काढायचं. मग कापायचं, काटकोन जुळवायचा, जोडायचं. चित्रकलेपासून सुरू झालेलं काम भूमिती आणि विजेवरून शेवटी गावातल्या कुणाच्या तरी घराच्या खिडकीवर जाऊन बसतं. त्या खिडकीखालून जाताना 'ही मी केलीय' असं म्हणणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीचा चेहरा कसा असेल, कल्पना करा!

पाबळचा आश्रम तेवढ्यावरच थांबला नाही. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलामुलींसाठी तिथे निवासी अभ्यासक्रम सुरू झाला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मदतीने तिथे 'फॅब लॅब' आली. कॉम्प्युटरवर आराखडा काढायचा आणि यंत्राने ती वस्तू कापून, घडवून घ्यायची अशी ही कार्यशाळा. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ही एक, आणि ती आली कुठे, तर पाबळसारख्या खेड्यात. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रमाचं काम चालू आहे.

ही काही परदेशातून आलेली कल्पना नाही बरं का. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन देताना पुण्याच्या महात्मा जोतीराव फुल्यांनी सांगितलं होतं, की खेड्यातल्या प्राथमिक शाळेत मोडी, बालबोध, हिशेब यांच्याबरोबर शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान द्या. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी हातातल्या उद्योगातून शिक्षण देण्याची 'नयी तालीम' मांडली. ऐकलं सगळ्यांनी. वेळापत्रकात मात्र तो शेवटचा तास राहिला, तोही शनिवारचा.

मैदानावरची भूमिती

आता खेळाकडे येऊ. महाग साहित्य लागत नाही असा आपला खेळ म्हणजे खो-खो. दोन खांब, मोकळी जागा आणि पोरी असल्या की झालं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये या खेळाचे नियम बांधले. त्यानंतर एकशेदहा वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघाची कर्णधार होती पुण्याची प्रियांका इंगळे.

खो-खो खेळताना अंगात किती शास्त्र मुरतं, याचा विचार आपण करतो का? मधल्या रांगेत आठ जणी एकीआड एक उलट दिशेला तोंड करून बसतात. पाठलाग करणारीला एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही. म्हणजे कुणाला खो द्यायचा, केव्हा द्यायचा, समोरची कुठे वळणार, हे सगळं क्षणात ठरवायचं. खांबाजवळ वेगाने येऊन हाताने खांब धरून वळताना अंग आतल्या बाजूला झुकवावं लागतं, नाहीतर बाहेर फेकलं जातं. एसटी वळणावर आली की आपण बाहेरच्या बाजूला कलंडतो, त्याचंच हे भावंड. विज्ञानाच्या बाईंनी जडत्वाचा धडा एकदा खो-खोच्या खांबापाशी घेतला, तर तो जन्मभर लक्षात राहील.

मैदान आखणं हाही धडाच. चुन्याची फक्की घेऊन सर एकटेच आखत बसतात, ते काम मुलींना द्यावं. एका दोरीचे गाठी मारून सारखे बारा भाग करायचे. तीन भाग एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला आणि पाच तिसऱ्या बाजूला असा त्रिकोण ताणून धरला, की तीन आणि चारच्या मधला कोपरा पक्का काटकोन. गवंड्याचा गुण्या हेच काम करतो. पायथागोरसचं प्रमेय पुस्तकात नंतर भेटलं, की मुली म्हणतील, अगं, ही तर आपली मैदानाची दोरी!

आणखी एक. पळण्याआधी मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं. पळून आल्यावर लगेच मोजायची, मग दर मिनिटाला. किती वेळात ती पहिल्यासारखी होते, याचा आलेख वहीत काढायचा. महिनाभर रोज पळून पुन्हा मोजलं, की बहुतेकींची नाडी लवकर खाली आलेली दिसते. आपल्याच शरीरावर केलेला हा प्रयोग. याला ना मायक्रोस्कोप लागतो, ना फी.

पण इथेच एक दुखरी जागा आहे, आणि ती आपणच बोलायला हवी. सातवीपर्यंत मैदानावर मुलग्यांच्या बरोबरीने धावणाऱ्या मुली आठवी-नववीत दिसेनाशा होतात. का? पाळी सुरू झालेली असते. शाळेत धड स्वच्छतागृह नसतं, कपडे बदलायला जागा नसते. ओढणी आणि सलवार सावरत खो-खो कसा खेळणार? त्यात सराव संध्याकाळी, घर लांब. आणि घरी आपण म्हणतो, 'पुरे आता, मोठी झालीस. काळी पडतेस उन्हात.' मुलगा मात्र अंधार पडेपर्यंत बाहेर.

मुलगी मैदान सोडते तेव्हा एक खेळ सुटतो, एवढंच होत नाही. पडून उठणं, हरणं, हरून पुन्हा दुसऱ्या दिवशी जाणं, दुसरीवर ओरडणं आणि तिचंच कौतुक करणं, हे सगळं सुटतं. हाडं भक्कम व्हायची हीच वर्षं असतात, तीही जातात. विश्वचषक जिंकणाऱ्या मुलींच्या घरी कुणीतरी कधीतरी 'जा, खेळ' म्हटलं असणार ना? त्या एका शब्दावर बरंच अवलंबून असतं.

अडकित्ता काढता काढता

चित्रकलेची गोष्ट तर सगळ्यात गमतीची. मुलाच्या विज्ञानाच्या वहीत जास्वंदीचं चित्र बघा. ते पुस्तकातल्या चित्रावरून काढलेलं असतं. दारात जास्वंद फुललेली असते, पण तिच्याकडे कुणी बघत नाही! एकदा फूल समोर ठेवून काढायला सांगा. पाकळ्या किती, त्या एकमेकींवर कशा चढल्यात, मधल्या दांड्यावर पिवळे ठिपके कुठून सुरू होतात, टोकाला किती फाटे आहेत... चित्र काढायचं तर हे बघावंच लागतं. चित्र काढणं म्हणजे आधी नीट बघणं. शास्त्रज्ञाचंही पहिलं काम तेच.

पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून जमवलेल्या वस्तू तिथे आहेत. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. तिथे राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा जास्त लक्षात राहतात त्या घरातल्या, बायकांच्या हातातल्या वस्तू. दिवे, फण्या, भांडी, करंडे आणि नाना तऱ्हेचे अडकित्ते.

आजीचा अडकित्ता तुमच्याही घरात कुठेतरी पडला असेल. तो काढा आणि मुलांना त्याचं चित्र काढायला सांगा. चित्र काढताना कळेल, की दोन दांडे एका टोकाला जोडलेले आहेत, सुपारी मधे ठेवायची आणि हात दुसऱ्या टोकाला. म्हणजे हा दुसऱ्या प्रकारचा तरफ! सुपारी बिजागरीच्या जितकी जवळ ठेवाल तितका जोर कमी लागतो, हे आजीला कुणी शिकवलं नव्हतं, पण तिच्या हाताला ठाऊक होतं. आणि त्या लोखंडी दांड्यावर कुण्या कारागिराने पोपट किंवा मोर कोरला असेल, तर त्याला वाटलं असणार की वस्तू कामाची आहे तशी देखणीही असावी. एका अडकित्त्यात कला, विज्ञान आणि तंत्रज्ञान तिन्ही आले.

आपल्या राज्यात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा होतात. छोट्या गावांतली मुलंही बसतात. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांच्याबरोबर भूमिती आणि अक्षरलेखनाचाही पेपर असतो. म्हणजे परीक्षा ठरवणाऱ्यांना कला आणि गणिताचं नातं केव्हाचंच मान्य आहे. आपल्यालाच ते दिसत नाही. इंटरमिजिएट पास झालेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात, तसेच ठरावीक स्तरापर्यंत खेळलेल्या खेळाडूंनाही मिळतात. पण तेवढ्या गुणांसाठीच चित्रकलेचा क्लास लावायचा आणि समोरच्या चित्राची हुबेहूब नक्कल घोटून घ्यायची, हे मात्र नको. तो पुन्हा पाठांतराचाच प्रकार झाला.

मग आपण काय करायचं?

'हे सगळं ठीक आहे हो, पण दहावीला मार्क कोण देणार?' असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. मार्कांना किंमत आहे, ती नाकारून चालणार नाही. खो-खो खेळल्याने किंवा काड्यांचे त्रिकोण केल्याने मार्क वाढतीलच, असं वचन कुणी देऊ नये. पण जे हाताने केलं ते समजतं, आणि समजलेलं पाठ करायला कमी वेळ लागतो, हे आपण स्वयंपाकघरात रोज अनुभवतोच. पुस्तकात वाचून कुणाला पुरणपोळी आली आहे का?

शाळेकडून काय मागायचं, हेही माहीत असू द्या. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक असावेत, असं त्या कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. म्हणजे या समितीत आपली जागा कायद्यानेच राखलेली आहे! पण होतं काय, की नाव आपलं असतं आणि सहीचं रजिस्टर घरी येतं. यापुढे रजिस्टर घरी आलं तर सांगा, मी बैठकीला येते. आणि तिथे एकच प्रश्न विचारा : 'गेल्या महिन्यात चित्रकलेचे आणि खेळाचे किती तास झाले?' दुसरा प्रश्न मुलींच्या स्वच्छतागृहाचा. बाई म्हणून तो आपण नाही विचारायचा तर कुणी?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान, अभ्यास आणि खेळ, पुस्तक आणि हस्तोद्योग यांच्यात भिंती नसाव्यात असं म्हटलं आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी वर्षात दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकावं, असंही त्यात सुचवलं आहे. या बाबतीत आपली छोटी गावं पुण्याच्या पुढे आहेत! पुण्यातल्या मुलांना कुंभाराचं चाक बघायला सहल काढावी लागते. आपल्याकडे कुंभारवाडा, लोहाराचा भाता, रोपवाटिका, पिठाची गिरणी, दुचाकीचं गॅरेज, शिलाईचं दुकान सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. मुलांना घेऊन जायचं आणि त्यांना विचारू द्यायचं. गिरणीचा पट्टा एका चाकावर मोठा आणि दुसऱ्यावर लहान का? ब्लाउजच्या कटोरीला टक्स का घालतात? सपाट कापडाला गोलाई कशी येते? शिलाईकाम करणाऱ्या आपल्या मैत्रिणी भूमितीच्या केवढ्या जाणकार असतात, हे मुलांना तरी कळू दे.

आणि घरात? मुलीला फ्यूज बदलायला, सायकलची चेन बसवायला शिकवा. मुलाला भाकरी थापायला आणि बटण लावायला शिकवा. बिघडलेला टॉर्च भंगारात देण्यापूर्वी दोघांना खोलून बघू द्या. ठिपक्यांची रांगोळी तुम्ही काढता, तेव्हा एक बाजू तुम्ही काढा आणि दुसरी त्यांना जुळवू द्या. पसारा होईल, थोडं नुकसानही होईल. होऊ द्या.

चित्रकलेच्या तासाला गणित घेणाऱ्या बाईंवर रागावू नका. त्यांच्यावर पोर्शनचा दबाव आहे आणि तो दबाव बऱ्याच अंशी आपणच टाकलेला आहे. पुढच्या पालकसभेत 'मार्क का कमी पडले' हे विचारायच्या आधी त्यांना एवढंच सांगून बघा, "बाई, आमच्या मुलांचा चित्रकलेचा आणि खेळाचा तास होऊ द्या. आमची काही तक्रार नाही." त्यांनाही बरं वाटेल. कदाचित पुढच्या आठवड्यात त्या स्वतःच काटकोन मोजायला मुलांना मैदानावर घेऊन जातील.